घटक ४ : दयाळू देव आणि जगातील दुःख – संतकवितेतील तक्रारीचे व्याकरण

४.१ उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास पूर्ण केल्यावर आपणास :

• ‘देव दयाळू आणि सर्वशक्तिमान असेल तर जगात दुःख का?’ या प्रश्नाची तात्त्विक मांडणी सांगता येईल.
• कर्मसिद्धान्ताने या प्रश्नाला दिलेले उत्तर व त्याची मर्यादा स्पष्ट करता येईल.
• चोखामेळा, कर्ममेळा, जनाबाई आणि तुकाराम यांच्या अभंगांतील तक्रार कर्ता, पुरुष व संबोधन या व्याकरणिक अंगांनी तपासता येईल.
• जोतीराव फुले यांनी या प्रश्नाला दिलेले वळण विशद करता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकांत आपण वारकरी संप्रदायाचा उदय, अभंगाची घडण आणि संतांची भाषा यांचा परिचय करून घेतला. संतांचा देव हा दूरस्थ शासक नसून तो मायबाप आहे, सखा आहे, हाकेला धावणारा आहे, हे आपण पाहिले. या घटकात त्या श्रद्धेपुढे उभ्या राहणाऱ्या सर्वांत कठीण प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. देव जर माउली असेल, तर लेकरू उपाशी का मरते?

हा प्रश्न केवळ ग्रंथांतला नाही. घरात अकाली मृत्यू झाला, की भेटीस आलेली माणसे काही ठरलेली वाक्ये बोलतात. ‘देवाची इच्छा’, ‘भोग होते, ते सरले’, ‘नशिबात एवढेच होते’. आपल्यापैकी अनेकांनी ही वाक्ये ऐकली असतील, कधी ती स्वतः उच्चारलीही असतील. बोलणाऱ्याचा हेतू सांत्वनाचा असतो. तरीही ऐकणाऱ्याला एखादे वाक्य आधार देते आणि दुसरे जखमेवर मीठ चोळल्यासारखे लागते. असे का व्हावे? आशय तोच असूनही परिणाम इतका वेगळा का?

या घटकाचे प्रतिपादन असे आहे : दुःखाविषयीचे एखादे विधान खरे की खोटे एवढेच पाहून भागत नाही, ते कोण, कोणाविषयी आणि कोणाला उद्देशून करतो, हेही पाहावे लागते. प्रथम, द्वितीय व तृतीय हे तीन पुरुष आपण शालेय व्याकरणात शिकलो. संतकवितेतील दुःखप्रश्न समजून घेताना तेच आपल्या उपयोगी पडणार आहेत.

सूचना : या घटकात अभंगांचा केवळ आशय दिलेला आहे. मूळ अभंग गाथेतून वाचावेत आणि येथील विवेचन त्यांच्याशी ताडून पाहावे.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ प्रश्नाची मांडणी

पुढील तीन विधाने पाहा.

(अ) देव सर्वशक्तिमान आहे.
(आ) देव दयाळू आहे.
(इ) जगात दुःख आहे.

यांपैकी कोणतीही दोन विधाने एकत्र मान्य करण्यात फारशी अडचण येत नाही. तिन्ही एकत्र मानू लागलो, की ताण निर्माण होतो. देवाला दुःख दूर करण्याची इच्छा आहे, पण शक्ती नाही, असे म्हटले तर पहिले विधान ढळते. शक्ती आहे, पण इच्छा नाही, असे म्हटले तर दुसरे ढळते. शक्ती आणि इच्छा दोन्ही असतील, तर तिसरे विधान खरे असू नये; पण ते खरे असल्याचा अनुभव आपल्याला रोज येतो.

हा पेच प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्यूरस याच्या नावाने ओळखला जातो. डेव्हिड ह्यूम याच्या मृत्यूनंतर १७७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नैसर्गिक धर्मविषयक संवादांत तो पुन्हा ठळकपणे मांडला गेला. त्याआधी १७१० मध्ये लायब्निझ या जर्मन तत्त्वज्ञाने देवाच्या न्यायाचे समर्थन करणारा ग्रंथ लिहिला आणि त्यासाठी ‘थिऑडिसी’ हा शब्द घडवला. ‘देव’ व ‘न्याय’ या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून तो बनला आहे. मराठीत आपण त्याला ‘ईश्वरसमर्थन’ म्हणू. शक्य असलेल्या सर्व जगांपैकी देवाने सर्वोत्तम जग निर्माण केले आहे, हे लायब्निझचे मत होते. पुढे १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, चर्चमध्ये उपासना चालू असताना लिस्बन शहराला भूकंपाचा भीषण तडाखा बसला. व्हॉल्तेअरने १७५९ मध्ये ‘कांदीद’ ही उपहासात्मक कथा लिहून अशा आशावादाची खिल्ली उडवली.

या चर्चेत दुःखाच्या कारणांचे दोन वर्ग केले जातात. माणसाच्या कृतीतून उद्भवणारे ते नैतिक अनिष्ट. उदाहरणार्थ हत्या, गुलामगिरी, अस्पृश्यता. निसर्गातून येणारे ते नैसर्गिक अनिष्ट. उदाहरणार्थ भूकंप, साथीचे रोग, अवर्षण. हा भेद लक्षात ठेवावा. पुढे त्याची गरज पडेल.

४.३.२ कर्मसिद्धान्त : भारतीय उत्तर

भारतीय परंपरेत हा प्रश्न ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात चर्चिला आहे. तेथे ईश्वरावर येऊ शकणारे दोन आरोप नमूद केले आहेत : वैषम्य आणि नैर्घृण्य. वैषम्य म्हणजे पक्षपात. एकाला सुखी आणि दुसऱ्याला दुःखी जन्माला घालणे. नैर्घृण्य म्हणजे निर्दयपणा. सूत्रकारांचे उत्तर असे, की ईश्वर मनमानी करीत नाही. तो प्रत्येक जीवाच्या कर्माची अपेक्षा ठेवून सृष्टी करतो. शंकराचार्य आपल्या भाष्यात पावसाचे उदाहरण देतात. पाऊस भातावर आणि जवावर सारखाच पडतो. भात भात होतो आणि जव जव होतो, तो बीजांतील भेदामुळे. मग प्रारंभी, कोणतेच कर्म झालेले नसताना, भेद कोठून आला? संसार अनादि आहे, त्यामुळे असा प्रारंभच नाही, हे त्यावरचे उत्तर.

या उत्तराची तार्किक बांधणी भक्कम आहे. देव निर्दोष राहतो, जगात न्याय आहे हा विश्वास टिकतो आणि कोणतेही दुःख निष्कारण उरत नाही. मात्र त्याची किंमत कोण चुकवतो? दोष देवावरून निघतो आणि दुःख भोगणाऱ्याच्या माथी येतो. अर्भक आजारी असेल, तर त्याचे या जन्मीचे कर्म दाखवता येत नाही. म्हणून मागचा जन्म सांगितला जातो. त्या जन्माची आठवण कोणालाच नसल्याने आरोप सिद्ध करण्याचे ओझे आरोप करणाऱ्यावर पडत नाही आणि आरोप झालेल्याला आपला बचावही करता येत नाही.

स्वयंअध्ययन प्रश्न – १
(१) ‘वैषम्य’ आणि ‘नैर्घृण्य’ म्हणजे काय?
(२) अस्पृश्यता आणि भूकंप ही अनिष्टाच्या कोणत्या वर्गाची उदाहरणे आहेत?

४.३.३ मराठी वाक्यातील दुःखी माणूस

आता भाषेकडे वळू. पुढील दोन वाक्यांची तुलना करा.

(१) त्याला दुःख झाले.
(२) त्याने दुःख भोगले.

पहिल्या वाक्यात ‘दुःख’ हा कर्ता आहे. ज्याला दुःख झाले तो चतुर्थीत आहे. ‘मला भूक लागली’, ‘तिला ताप आला’, ‘आम्हांला वाईट वाटले’ ही सर्व वाक्ये याच घाटाची आहेत. भाषाविज्ञानात अशा चतुर्थ्यन्त पदाला ‘अनुभवी’ म्हणतात. अनुभवी काही करीत नाही; त्याच्या बाबतीत काही घडते. दुःख आपल्यावर येऊन आदळते, हा सर्वसामान्य अनुभव मराठीच्या या वाक्यरचनेने जपला आहे.

दुसऱ्या वाक्यात तोच माणूस कर्त्याच्या जागी आला आहे. ‘भोगणे’ या क्रियापदाने त्याला क्रियेचा धनी केले. येथून ‘जो करतो तोच भोगतो’ या सूत्रापर्यंतचे अंतर फार थोडे आहे. ‘भोग’ हा शब्द केलेल्या कर्माचे फळ सूचित करतो. म्हणून ‘तिच्या वाट्याला दुःख आले’ आणि ‘तिचे भोग होते’ ही वाक्ये समानार्थी नाहीत. पहिले वाक्य घटना सांगते, दुसरे घटनेबरोबर निकालही देते.

कर्मसिद्धान्त व्याकरणाच्या भाषेत मांडायचा झाला तर असे म्हणता येईल : तो अनुभवीला कर्ता बनवतो. माणसाने स्वतःविषयी असे म्हणणे ही एक गोष्ट आहे. दुसऱ्याविषयी, तृतीय पुरुषात, असे म्हणणे ही अगदी वेगळी गोष्ट आहे. चोखोबांच्या घरातील कवितेत हा फरक आपल्याला स्पष्ट दिसेल.

४.३.४ चोखोबांचे घर : एक दुःख, दोन कर्ते

चोखामेळा हे मंगळवेढ्याचे, जातीने महार. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका आणि मुलगा कर्ममेळा या सर्वांच्या नावावर अभंग आहेत. एकाच कुटुंबाने एकाच दुःखाविषयी लिहिलेली ही कविता मराठीत फार मोलाची आहे. त्यांचे दुःख हे नैतिक अनिष्टाचे ठळक उदाहरण होय : देवळात प्रवेश नाही, स्पर्शाचा विटाळ, उष्ट्यावर निर्वाह आणि वेठबिगार.

चोखोबांच्या नावावरील एका अभंगात, पूर्वजन्मी आपल्याकडून कृष्णाची निंदा घडली म्हणून हा हीन मानलेला जन्म मिळाला, असा आशय आहे. म्हणजे येथे कर्मसिद्धान्त प्रथम पुरुषात स्वीकारला आहे. दुःखाचा कर्ता ‘मी’ आहे. परंतु चोखोबा एवढ्यावर थांबत नाहीत. विटाळ कोणाला नाही, असे ते दुसरीकडे विचारतात. देहाची उत्पत्तीच ज्यातून होते त्याला विटाळ म्हणायचे असेल, तर शुद्ध कोण उरला, हा युक्तिवाद सोयराबाईंच्या अभंगातही येतो. बडवे मारीत आहेत, लवकर धाव, अशी हाकही चोखोबांनी विठोबाला घातली आहे. त्या हाकेत मारणारे बडवे आहेत आणि वाचवणारा देव आहे; आपल्या पूर्वकर्माचा तेथे उल्लेख नाही. मार पडत असताना सिद्धान्त आठवत नाही, आधार आठवतो.

मुलाचा सूर निराळा आहे. कर्ममेळा देवाला सरळ विचारतो, की आमची जात तू हीन केलीस हे तुला कळत नाही काय? उष्टे खाता खाता जन्म गेला, याची तुला लाज वाटत नाही काय? येथील क्रियापद नीट पाहा. जात हीन ‘झाली’ नाही, ‘मिळाली’ नाही; ती ‘केली’ गेली आहे आणि करणारा समोर उभा आहे. वडिलांच्या अभंगात कर्त्याच्या जागी ‘मी’ होता, मुलाच्या अभंगात तेथे ‘तू’ आला. दुःख एकच, घर एकच. पण कर्ता बदलताच साऱ्या आशयाची दिशा बदलली.

कर्ममेळ्याला नास्तिक म्हणावे काय? नाही. ज्याला लाज वाटू शकते, ज्याला विचारल्यावर उत्तर देणे भाग पडावे, अशा देवावर त्याचा विश्वास आहे. देवाच्या न्यायबुद्धीवरची श्रद्धा हीच त्याच्या आरोपाची भूमी आहे. ज्याच्याकडून न्यायाची अपेक्षाच नाही, त्याला कोणी जाब विचारत नाही.

४.३.५ संबोधन : ‘विठ्ठला’पासून ‘विठ्या’पर्यंत

द्वितीय पुरुषातील तक्रारीचे दुसरे अंग म्हणजे संबोधन. मराठीत वडीलधाऱ्यांना आपण ‘तुम्ही’ म्हणतो. आईला मात्र बहुधा ‘तू’ म्हणतो. संतही देवाला प्रायः ‘तू’ म्हणतात. या ‘तू’मध्ये लेकराचा हक्क असतो.

नामदेवांच्या घरी दासी असलेल्या जनाबाईंच्या नावावरील एका अभंगात हा हक्क टोकाला जातो. तेथे विठ्ठलाचा ‘विठ्या’ होतो. गणपतचा गण्या व्हावा तसा हा प्रकार आहे. गावात असे नाव दोनच प्रसंगी उच्चारले जाते : अतिशय जवळीक असताना किंवा अतिशय राग आला असताना. या अभंगात दोन्ही आहेत. जनाबाई विठोबाला शिव्याशाप देते, त्याच्या मरणाचीही भाषा करते. आणि हे सारे आपण अंगणात उभे राहून करीत आहोत, असे स्वतःच सांगते. बायकांच्या भांडणाची ही जागा, हीच भाषा. दळणकांडणात जो देव मदतीला येतो असे ती इतर अभंगांत सांगते, त्याच देवाशी ती असे भांडू शकते. परक्याशी इतक्या मोकळेपणाने भांडता येत नाही.

देवाशी केलेली अशी तक्रार श्रद्धेच्या विरोधी नसते, हे इतर परंपरांतही दिसते. बायबलच्या जुन्या करारातील ईयोब हा सज्जन मनुष्य संपत्ती, मुले आणि आरोग्य गमावतो. भेटीस आलेले मित्र त्याला समजावतात, की पापाशिवाय शिक्षा होत नाही; तुझ्या हातून काही घडले असले पाहिजे. ईयोब हे मान्य करीत नाही आणि देवाला जाब विचारत राहतो. ग्रंथाच्या शेवटी देव त्या मित्रांवर रागावतो. ईयोब जसे माझ्याविषयी योग्य बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत, असे त्यांना सुनावतो. देवाची बाजू मांडणारे चुकले आणि देवाशी वाद घालणारा योग्य ठरला. ईयोबाला आपल्या दुःखाचे कारण मात्र शेवटपर्यंत सांगितले जात नाही.

४.३.६ तुकाराम : ‘बरे झाले’ कोणी म्हणावे?

१६३० ते १६३२ या काळात गुजरात आणि दख्खन भागात भीषण दुष्काळ पडला. तुकाराम तेव्हा बाविशीच्या आसपासचे होते. व्यापार बुडाला, पत गेली, पहिली पत्नी अन्नाविना मृत्यू पावली. ही हकिगत त्यांच्याच आत्मचरित्रपर अभंगात येते. त्यात पत्नी अन्नासाठी आक्रोश करीत गेल्याचे थोडक्यात नोंदवले आहे. तेथे कोणतेही तत्त्वज्ञान नाही. मरणाऱ्या स्त्रीचा आवाज मात्र आहे.

दुसऱ्या एका अभंगात याच घटनांची यादी वेगळ्या सुरात येते. दिवाळे निघाले हे बरे झाले, दुष्काळाने पीडले हे बरे झाले, लोकांत अपमान झाला हेही बरे झाले. या साऱ्यामुळे देवा, तुझे चिंतन घडले, असा त्याचा आशय आहे. संतसाहित्याच्या अभ्यासात हा अभंग वैराग्याचे उदाहरण म्हणून नेहमी दिला जातो आणि ते योग्यही आहे. दुःखातून आत्म्याची घडण होते, हे ईश्वरसमर्थनाचे एक प्रसिद्ध रूपही आहे.

परंतु आपण येथे एक प्रश्न विचारला पाहिजे. दुष्काळाने तुकोबांचे बरे झाले, असे तुकोबा म्हणू शकतात. त्यांच्या पत्नीचे काय? ती भुकेने मेली ती पतीला वैराग्य यावे म्हणून, असे आपण म्हणू शकतो काय? एका माणसाच्या मरणाला दुसऱ्याच्या उन्नतीचे साधन ठरवणे कोणत्याही दयाळू देवाला शोभणारे नाही. ‘बरे झाले’ हे वाक्य प्रथम पुरुषातच टिकते. ज्याचे दुःख आहे त्याने, स्वतःच्या दुःखापुरते, देवाकडे तोंड करून म्हटले तर ती कृतज्ञता असते. त्रयस्थाने दुष्काळात मेलेल्यांविषयी म्हटले तर ती निष्ठुरता होते. शब्द तेच राहतात, पुरुष बदलतो आणि वाक्याचे नैतिक मूल्यच पालटते.

म्हणून हे दोन्ही अभंग शेजारी ठेवून वाचावेत. गाथेतील क्रम हा रचनेचा क्रम नव्हे; तेव्हा आधी आक्रोश आणि मग शांती, अशी सोपी चढण त्यात शोधू नये. कृतज्ञतेच्या अभंगाने आक्रोशाचा अभंग पुसला जात नाही.

तुकोबांच्या तक्रारीचे आणखी एक रूप पाहण्यासारखे आहे. घराणे वाण्याचे, सावकारीचे. त्यामुळे देवाशी भांडतानाही ते देण्याघेण्याची भाषा वापरतात. देव हा ऋणको आणि भक्त हा आपले मागणारा धनको. हेही ‘तू’शीच चाललेले भांडण आहे. पण गाथेत एक अभंग असा आहे, की त्यात आपल्यापुरता देव मेला, असे तुकोबा जाहीर करतात. यापुढे त्याच्या गोष्टी नकोत, त्याचे नाव नको. स्तुती झाली, निंदाही झाली, आता दोन्ही पुरे. या अभंगात देवाला संबोधन नाही. देव येथे ‘तो’ झाला आहे.

जनाबाईंच्या अभंगाशी याची तुलना करा. देवाच्या मरणाची भाषा दोन्हीकडे आहे. जनाबाई ती देवाच्या तोंडावर, द्वितीय पुरुषात बोलते. म्हणून तो अभंग कितीही कठोर असला तरी नाते शाबूत आहे. तुकोबा ती तृतीय पुरुषात बोलतात. म्हणून शिवी नसतानाही हा अभंग अधिक थंड, अधिक भयावह वाटतो. भक्ताचा राग हा श्रद्धेचा शेवट नसतो. अबोला हा तिच्या अधिक जवळचा असतो. आणि संप्रदायाने हा अभंगही गाथेत जपून ठेवला, ही गोष्ट त्या परंपरेच्या प्रामाणिकपणाची साक्ष देते.

स्वयंअध्ययन प्रश्न – २
(१) चोखामेळा आणि कर्ममेळा यांच्या अभंगांत दुःखाचा कर्ता कसा बदलतो?
(२) देवाच्या मरणाविषयीच्या दोन अभंगांतील व्याकरणिक भेद कोणता?

४.३.७ जोतीराव फुले : जाब माणसाला

संतांनी जाब देवाला विचारला. एकोणिसाव्या शतकात जोतीराव फुले (१८२७–१८९०) यांनी त्याच प्रश्नाची दिशा बदलली. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ या ग्रंथात ईश्वरासाठी ‘निर्मिक’ हा शब्द येतो. निर्मिकाने सर्व स्त्रीपुरुषांना स्वतंत्र व समान हक्कांचे धनी म्हणून निर्माण केले. उच्चनीचता ही काही माणसांनी स्वार्थासाठी रचली आणि देवाच्या नावावर खपवली, अशी त्यांची भूमिका आहे. अभंगाच्या वळणावर त्यांनी रचलेल्या ‘अखंडां’तही हाच विचार आहे.

व्याकरणाच्या दृष्टीने पाहता, कर्ममेळ्याच्या प्रश्नातील कर्ता फुल्यांनी पुन्हा बदलला. ‘मी’ नाही, ‘तू’ही नाही, जात हीन करणारे ‘ते’ आहेत आणि त्यांना नावगाव आहे. येथेही देव निर्दोष ठरतो. पण कर्मसिद्धान्तात तो दोष दुःख भोगणाऱ्यावर पडत होता, फुल्यांच्या विचारात तो दुःख देणाऱ्यावर पडतो.

या बदलाचे महत्त्व चोखोबांच्या बाबतीत कळते. परंपरेनुसार १३३८ मध्ये मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम वेठीने करीत असताना भिंत कोसळून त्यांचा मृत्यू झाला. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरास आणल्या आणि महाद्वारापाशी समाधी बांधली. समाधी देवळाबाहेर होती आणि त्यांच्या जातीच्या माणसांना त्यानंतरही सहा शतके देऊळ बंदच राहिले. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले, त्यानंतर मंदिर अस्पृश्यांना खुले करण्याचा मार्ग मोकळा झाला. जो अडसर माणसांनी घातला होता तो माणसांनीच काढला. तो पूर्वजन्मीच्या कर्माचा असता, तर उपोषणाने निघाला नसता.

तथापि या उत्तराचीही मर्यादा ध्यानात घ्यावी. अस्पृश्यता हे नैतिक अनिष्ट होते, त्यामुळे त्याचा कर्ता सापडला. जंतू, भूकंप आणि न आलेला पाऊस यांचा कर्ता कोण? पाऊस न पडणे हा निसर्गाचा भाग. धान्य कोणाच्या कोठारात आहे आणि ते कोणाला मिळते, हा माणसांचा. एवढा भाग वेगळा काढल्यावरही काही दुःख असे उरते, की त्याचा धनी दाखवता येत नाही. अशा दुःखापुढे जोतीरावांच्या सहधर्मचारिणीने काय केले, हे आपल्याला ठाऊक आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाईंना त्या रोगाची बाधा झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. प्लेग का आला, या प्रश्नाचे हे उत्तर नव्हे. आजारी माणसापुढे उभे असताना प्रथम काय करावयाचे, याचे मात्र हे उत्तर आहे.

४.४ सारांश

देवाची शक्ती, देवाची दया आणि जगातील दुःख यांचा मेळ घालण्याचा प्रश्न जुना आहे. त्याचे सर्वांना पटेल असे उत्तर तत्त्वज्ञानाला मिळालेले नाही आणि मराठी संतकविताही तसा दावा करीत नाही. ती दुसरे काही शिकवते. स्वतःच्या दुःखाचा अर्थ लावण्याचा अधिकार ज्याचे त्याला आहे. म्हणून ‘बरे झाले’ किंवा ‘माझेच कर्म’ ही वाक्ये प्रथम पुरुषात आदरणीय ठरतात. देवाला जाब विचारण्याचा अधिकारही दुःखिताला आहे. म्हणून द्वितीय पुरुषातील तक्रार, शिवीच्या टोकाला गेली तरी, भक्तीच्या कक्षेतच राहते. दुसऱ्याच्या दुःखाचे कारण त्याच्याच माथी मारण्याचा अधिकार मात्र कोणालाही नाही. तृतीय पुरुषात आपण करू शकतो ती एकच उचित गोष्ट : त्या दुःखाला माणूस कारणीभूत असेल तर त्याचे नाव घेणे, आणि नसेल तर दुःखिताच्या जवळ जाणे.

यापुढे सांत्वनासाठी एखाद्या घरी जाल तेव्हा ‘भोग होते’ हे वाक्य ओठांवर येईल. ते व्याकरणाच्या दृष्टीने कोणाला कर्ता करते, याचा क्षणभर विचार करावा.

४.५ पारिभाषिक शब्द

ईश्वरसमर्थन : जगातील दुःख मान्य करूनही देव न्यायी असल्याचे प्रतिपादन.
नैतिक अनिष्ट : माणसाच्या कृतीतून उद्भवणारे दुःख किंवा अन्याय.
नैसर्गिक अनिष्ट : निसर्गातील घटनांमुळे उद्भवणारे दुःख.
अनुभवी : ज्याला अनुभव येतो, पण जो क्रिया करीत नाही, असे वाक्यातील (बहुधा चतुर्थ्यन्त) पद.
निर्मिक : फुले यांनी ईश्वरासाठी योजलेला शब्द, निर्माण करणारा.

४.६ स्वयंअध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न – १ : (१) वैषम्य म्हणजे पक्षपात आणि नैर्घृण्य म्हणजे निर्दयपणा, हे ईश्वरावर येऊ शकणारे दोन आरोप होत. (२) अस्पृश्यता हे नैतिक, तर भूकंप हे नैसर्गिक अनिष्ट आहे.

प्रश्न – २ : (१) चोखामेळ्यांच्या उल्लेखिलेल्या अभंगात पूर्वजन्मीचा ‘मी’ कर्ता आहे, कर्ममेळ्याच्या अभंगात समोरचा देव, म्हणजे ‘तू’, कर्ता आहे. (२) जनाबाईंचा अभंग देवाला उद्देशून, द्वितीय पुरुषात आहे. तुकारामांचा अभंग देवाविषयी, तृतीय पुरुषात आहे.

४.७ स्वाध्याय

१. ‘कर्मसिद्धान्त अनुभवीला कर्ता बनवतो’ या विधानाचे सोदाहरण स्पष्टीकरण करा.
२. तुकारामांच्या दुष्काळविषयक दोन अभंगांची तुलना करून ‘बरे झाले’ या भूमिकेची मर्यादा दाखवा.
३. कर्ममेळा आणि जोतीराव फुले यांच्या विचारांतील साम्य व भेद विशद करा.
४. टीप लिहा : (अ) अभंगातील संबोधन (आ) ईयोबाचे मित्र.

उपक्रम : आपल्या परिसरात सांत्वनाच्या प्रसंगी बोलली जाणारी दहा वाक्ये आठवून लिहा. प्रत्येक वाक्यातील कर्ता व पुरुष ओळखा. त्यांपैकी कोणती वाक्ये दुःखिताला आधार देतात आणि कोणती त्याला दोषी ठरवतात, याविषयी वीस ओळींत आपले निरीक्षण नोंदवा.